दत्तोबाचं नाव तीन वेळा

दर रविवारी सकाळी ज्ञानदेव निगडीच्या फ्लॅटमधून खाली उतरतो, मोटारसायकलच्या सीटवरून फडकं फिरवतो आणि स्पाइन रोडनं मोशीला येऊन दत्तोबाच्या दारात गाडी उभी करतो. हँडलला पिशवी लटकवलेली असते. तिच्यात पाव किलो पापडी आणि डझनभर केळी. गेल्या पाच वर्षांत हा नेम फार तर चार-पाच वेळा चुकला असेल. ज्ञानदेवच्या बायकोला, तनुजाला, त्याचं भारी कौतुक. "आजकाल एवढी मैत्री कोण जपतंय?" असं ती शेजारणींना सांगते. ज्ञानदेव ते ऐकतो आणि पायांत चपला अडकवतो. कारण तो मैत्री जपायला जातच नाही. तो दत्तोबाला एक गोष्ट सांगायला जातो आणि दर रविवारी ती न सांगताच परत येतो.

गोष्ट एवढीच आहे की, दत्तोबाची कंपनीतली नोकरी गेली ती ज्ञानदेवच्या बोलण्यामुळे. दत्तोबाला ते ठाऊक नाही. उलट ते बोलणं म्हणजे आपल्या आयुष्यातला मानाचा प्रसंग, असं तो धरून चालतो आणि भेटेल त्याला सांगतो. आता अशा माणसाला काय सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची, तुम्हीच बोला.

ज्ञानदेव मूळचा लातूरकडचा. आयटीआय करून चाकणच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागला आणि मोशीत दत्तोबाच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आला. बायको-पोरं तेव्हा गावी होती. दत्तोबा मोशीचाच जुना गावकरी. त्याच्या वडिलांनी जमीन एकराच्या भावानं विकून टाकली होती, गुंठ्याचा भाव गावात यायच्या कितीतरी आधी. शेजारपाजारच्या लोकांनी थांबून बंगले बांधले, चारचाक्या घेतल्या. दत्तोबाकडे उरल्या तीन खोल्या आणि कंपनीत ठेकेदाराकडची नोकरी. ज्ञानदेव त्याच कंपनीत, त्याच लाइनवर, फक्त कायम. वयानं दत्तोबा बारा-तेरा वर्षांनी मोठा, पण पगाराची चिठ्ठी ज्ञानदेवची मोठी. याचा दत्तोबाला कधी राग आला नाही. तो तसला माणूसच नव्हता.

दोघं सकाळच्या शिफ्टला एकाच बसनं जायचे आणि चार-साडेचारला परत यायचे. हातपाय धुऊन दत्तोबाच्या पुढच्या खोलीत चहा. केबलवाल्यानं कुठलं तरी पॅकेज चढवून दिलं होतं, त्यात एक इंग्रजी चॅनल फुकट आलं होतं. एक दिवस चॅनल बदलता बदलता दत्तोबाचा अंगठा तिथं थांबला. सोफ्यावर पाच-सहा गोरी माणसं दाटीवाटीनं बसून खो खो हसत होती.

"आरं, ही बघ," दत्तोबा म्हणाला, "आपल्या पारावरची मंडळी!"

ती होती एका इंग्रजी मालिकेतली नट मंडळी. मालिका एका लहानशा गावातल्या अग्निशमन केंद्राची, म्हणजे नुसती धावपळ आणि आरडाओरडा. तिच्यातलं ज्ञानदेवला काही म्हणजे काही कळत नसे. पण मालिका संपली की अर्धा तास हे नट सोफ्यावर बसून गप्पा मारत. त्या कळत. माणसं गप्पा मारताना सावकाश बोलतात, तेच तेच पुन्हा सांगतात, हातवारे करतात. शिवाय खाली बोललेलं अक्षरांत उमटायचं. ज्ञानदेवनं बाद झालेले चेकशीटचे कागद कंपनीतून आणले आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर शब्द उतरवायला लागला. रोज दहा. अर्थ दत्तोबाच्या मुलीच्या, स्वप्नालीच्या, शाळेच्या डिक्शनरीत बघायचा.

दत्तोबाला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण त्याची बैठक कधी चुकली नाही. त्यानं त्या नटांना घरची नावं देऊन टाकली. पांढऱ्या दाढीचा उंच म्हातारा होता, तो 'पाटील'. मोठ्यानं हसताना मांडीवर थाप मारणारी बाई दत्तोबाच्या आत्यासारखी हसायची, म्हणून ती 'शालनबाई'. मंडळी हसली की दत्तोबाही हसायचा आणि मग विचारायचा, "आता का हसली ही?"

"पाटील म्हणालाय की, त्या बारक्याची पँट उसवली होती, तरी तसाच शिडीवर चढला म्हणून हसायलेत."

"हसायलेत!" दत्तोबा त्याच्या लातुरी बोलण्याची नक्कल करायचा. "मास्तर, आदी मराठी शीक, मग इंग्रजी."

तेव्हापासून ज्ञानदेवचं नाव 'मास्तर' पडलं. स्वप्नाली मागं भिंतीला टेकून गृहपाठ करायची. पुढंपुढं गृहपाठ राहिला बाजूला आणि तीच ज्ञानदेवच्या आधी शब्द टिपू लागली. दत्तोबाची बायको सुभद्राबाई आतून ओरडायची, "पोरीला तरी अभ्यास करू द्या, का तिलाबी सोफ्यावर बसिवताय?" दोन वर्षांत ज्ञानदेवला इंग्रजी येऊ लागलं. मोडकंतोडकं म्हणण्यासारखं नाही, चांगलं घरंगळत येऊ लागलं. आरशासमोर दाढी करताना तो पाटलासारखा बोलून बघायचा.

पण तो काय शिकत होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही. त्या सोफ्यावर एकच रीत होती. एकानं दुसऱ्याचा किस्सा सांगायचा. हा डायलॉग कसा विसरला, ती कशी पडली, ऐन वेळी हिच्या हातात कागद नव्हता तर हिनं मनाचंच बोलून कशी वेळ मारून नेली. सांगताना त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. ज्याचा किस्सा तो लाजून तोंड झाकायचा आणि बाकीचे टाळ्या पिटायचे. तिथं चुकीला शिक्षा नव्हती. नियम मोडून काम निभावलं तर तेच सगळ्यांत मोठं कौतुक. क्लासला गेला असता तर साहेबाला काय सांगावं आणि काय पोटात ठेवावं, एवढं तरी त्याला कुणी शिकवलं असतं. ज्ञानदेवला ते इंग्रजी कधी भेटलंच नाही. त्याला भेटलं ते सोफ्यावरचं, आणि ते तो मन लावून शिकला.

आता कंपनीतली हकीकत. तिथं मोटारीच्या मागच्या चाकाचा एक लोखंडी दांडा जोडायचं काम चाले. एकेका दांड्याला चार बोल्ट. ते हातानं आवळून चालत नाही. त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पाना असतो. बोल्ट हवा तेवढाच आवळला की तो 'कट्' असा आवाज करतो. आवाज आला की बोल्टवर पिवळी खूण करायची. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचं चाक त्या चार बोल्टांवर असतं, म्हणून कंपनीत देवाखालोखाल त्या पान्याला मान.

एका सकाळी तो पाना तपासणीला बाहेर गेला होता आणि जोडीचा दुसरा दहाच्या सुमाराला बिघडला. बाहेर ट्रक उभा. मोटारीच्या कंपनीतून फोनवर फोन. लाइनचा सुपरवायझर सुजित घामाघूम होऊन दत्तोबाकडे आला. "दत्तोबा, काहीतरी करा राव. गाडी रिकामी गेली तर माझी वाट लागेल."

दत्तोबानं साधा पाना उचलला. चौदा वर्षं तेच बोल्ट आवळलेले, हाताला ओळख झाली होती. त्यानं दोनशे चाळीस दांडे हातानं जोडले. संध्याकाळी तपासणीचा पाना परत आला तेव्हा सुजितनं मागं राहिलेले वीस दांडे तपासून पाहिले. वीसच्या वीस बरोबर. सुजितनं दत्तोबाला मिठी मारली आणि सगळ्या लाइनला चहा पाजला. कागदावर मात्र कुणी काही लिहिलं नाही. कागदावर त्या दिवशी पाना व्यवस्थित होता.

यानंतर पाच-सहा महिन्यांनी परदेशातल्या गिऱ्हाइकाचा ऑडिटर आला. ऑडिट म्हणजे कंपनीत लग्नघर. तीन दिवस आधी फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्या नव्यानं मारल्या, सगळ्यांना कोरे हातमोजे दिले, आणि सुजितनं रांगेत उभं करून बजावलं, "विचारेल तेवढंच सांगायचं. नाही कळलं तर समोरच्या कार्डाकडे बोट दाखवायचं. जास्त शहाणपणा नको." ठेकेदाराच्या माणसांनी तर तोंडच उघडायचं नव्हतं.

ऑडिटर हडकुळा, टकला, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. तो लाइनवरून येत होता आणि जो तो कार्डाकडे बोट दाखवत होता. ज्ञानदेवजवळ येऊन त्यानं विचारलं की, इथं किती वर्षं आहात? ज्ञानदेवनं सरळ इंग्रजीत उत्तर दिलं. गोरा थांबला. त्याच्या भुवया वर गेल्या. इतकं चांगलं इंग्रजी कुठं शिकलात? टीव्हीवर, ज्ञानदेव म्हणाला, आणि त्या गप्पांचं नाव सांगितलं. गोरा मोठ्यानं हसला. त्याच्या बायकोला तीच मालिका आवडत होती! त्यानं पाटलाच्या दाढीची खूण केली, ज्ञानदेवनं शालनबाईसारखी मांडीवर थाप मारली. सुजित मागं उभा राहून आश्चर्यानं बघत होता. मॅनेजरसाहेब बघत होते. सगळी लाइन बघत होती. ज्ञानदेवला वाटलं, आपण सोफ्यावर बसलोय.

आणि सोफ्यावर बसलेला माणूस काय करतो? शेजारच्याचा किस्सा सांगतो. ज्ञानदेवनं दत्तोबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. हा माझा मित्र दत्तोबा. एक दिवस याच्याकडे टॉर्क रेंच नव्हता. दुसरा कुणी असता तर रडत बसला असता. दत्तोबानं साधा पाना घेतला आणि दोनशे चाळीस नग हातानं जोडले. एकही परत आला नाही. दत्तोबाच्या हातातच टॉर्क रेंच आहे! त्यात सुजितचं नाव त्यानं घेतलं नाही. मुद्दाम वगळलं असं नाही, पण एकट्याची बहादुरी सांगितली की किस्सा रंगतो, हे तो पाटलाकडून शिकला होता.

दत्तोबाला त्यातलं एवढंच कळलं की आपलं नाव तीन वेळा आलं. तो ताठ उभा राहिला. गोरा हसला आणि त्यानं दत्तोबाशी हस्तांदोलन केलं. दत्तोबानं आधी हातमोजा काढला, तळवा पँटीला पुसला आणि मग हात पुढं केला. मग गोऱ्यानं खिशातून लहानशी वही काढली आणि काहीतरी लिहिलं. त्याचं हसणं खोटं नव्हतं, हे ज्ञानदेव आजही मानतो. तो त्याच्या कामाला आला होता आणि त्याच्या कामाची गोष्ट त्याला कुणीतरी आपण होऊन सांगितली होती.

संध्याकाळी ऑफिसात बोलावणं आलं. टेबलामागं मॅनेजरसाहेब, कोपऱ्यात सुजित. साहेबांनी अहवालातलं पहिलंच वाक्य वाचून दाखवलं. हाताच्या अंदाजानं आवळलेले बोल्ट बाहेर गेले आहेत, सहा महिन्यांचा माल पुन्हा तपासा आणि जबाबदार माणसावर काय कारवाई केली ते कळवा. साहेबांनी विचारलं, "हे त्यानं स्वतःच्या मनानं केलं की कुणी सांगितलं होतं?"

सुजित खिडकीबाहेर बघत होता. ज्ञानदेवच्या जिभेवर नाव आलं होतं. तेवढ्यात साहेबांनी कागद उलटला आणि म्हणाले, "बाकी तुझ्याबद्दल त्यानं चांगलं लिहिलंय. कामगारांशी नीट संवाद साधता आला, म्हणून. ट्रेनिंग रूमला माणूस हवाच आहे आपल्याला." ज्ञानदेव म्हणाला, "स्वतःच्या मनानं केलं असेल, सर. मला नक्की माहीत नाही." मराठीत म्हणाला. एवढा वेळ घरंगळत येणाऱ्या इंग्रजीची त्यात काही गरज पडली नाही.

सोमवारी सकाळी गेटवर दत्तोबानं हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. मशीननं घेतला नाही. त्यानं अंगठा पँटीला पुसला, पुन्हा ठेवला. थुंकी लावून ठेवला. "झिजलाय वाटतं अंगठा," असं मागच्याला हसत म्हणाला. ज्ञानदेव तीन माणसं मागं रांगेत उभा होता. दहा-बारा वेळा झाल्यावर ठेकेदाराचा मुकादम आला आणि म्हणाला, "दत्तोबा, तुम्हाला ब्रेक दिलाय."

ब्रेक म्हणजे काय हे चाकणमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. ठेकेदाराचा माणूस सलग राहून कायम व्हायला नको, म्हणून सात महिन्यांनी त्याला पंधरा दिवस घरी बसवतात आणि नव्यानं घेतात. दत्तोबानं चौदा वर्षांत असे वीसेक ब्रेक पाहिले होते. त्याला काहीच वावगं वाटलं नाही. "बरं झालं," जाता जाता तो ज्ञानदेवला म्हणाला, "पत्रं गळत्यात, तेवढं उरकून घेतो. मास्तर, डबा तुझा तूच घे आता पंधरा दिस."

पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं. मुकादम म्हणायचा, बोलावतो. मग फोन उचलेनासा झाला. दत्तोबा पन्नाशी ओलांडलेला माणूस, दुसऱ्या कंपनीत कुणी घेईना. शेवटी मोशीतच नव्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. स्वप्नाली त्या वर्षी बारावीला होती. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं, त्याचे फॉर्मही आणले होते. ते फॉर्म कपाटावर राहिले. ती बाहेरून बी.कॉम. करत हिंजवडीला फोनवर बोलायच्या नोकरीला लागली. ज्ञानदेव तोवर ट्रेनिंग रूममध्ये पांढरा शर्ट घालून उभा राहू लागला होता. नव्या पोरांना तो पहिल्या दिवशी शिकवायचा की टॉर्क रेंचशिवाय बोल्टाला हात लावायचा नाही. निगडीचा फ्लॅट झाला, बायको-पोरं आली. टीव्हीवरच्या गप्पा त्यानं पुन्हा कधी लावल्या नाहीत.

ज्ञानदेवला शरम वाटत होती, आणि ती वर्षागणिक कमी न होता वाढत होती. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर दत्तोबानं दोन शिव्या दिल्या असत्या, कदाचित एक ठेवून दिली असती, आणि सुजितला जाऊन जाब विचारला असता. काहीतरी झालं असतं. दुसऱ्या वर्षी सांगणं अवघड झालं. चौथ्या वर्षी तर सांगायचं म्हणजे चार वर्षं का सांगितलं नाही, तेही सांगायचं. शिवाय दत्तोबा त्याला बोलू देई तर ना! सोसायटीच्या गेटवर गाडीचा नंबर वहीत टिपता टिपता तो प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा, "आमचा मास्तर गोऱ्या सायबासंग फाडफाड इंग्रजी बोलला. माजं नाव घेतलं त्यानं, तीन येळा. सायबानं माज्या हातात हात दिला." सोसायटीतली पोरं त्याला 'इंग्लिश आजोबा' म्हणू लागली होती.

मधूनमधून दत्तोबा विचारायचाच, "मास्तर, काय बोलला व्हता रं तू तवा?"

"तारीफ केली होती तुमची," ज्ञानदेव म्हणायचा आणि केळ्याचं साल काढायला घ्यायचा.

गेल्या महिन्यातल्या रविवारी तो गेला तर घरात पेढे. स्वप्नालीला तिच्या ऑफिसात टीम लीडर केलं होतं. आता तिच्या हाताखाली बारा जण आणि रोज परदेशातल्या साहेबांशी बोलणं. दत्तोबानं सुट्टी टाकली होती. सुभद्राबाईनं पेढ्यांची बशी आधी ज्ञानदेवपुढं धरली. "तुमीच घातला हिचा पाया. आमाला काय कळतंय त्यातलं!"

स्वप्नाली हसत होती. "खरंच काका. अजून माझा टोन तसाच आहे, पाटलासारखा. ऑफिसात विचारतात, कुठं शिकलीस?"

ज्ञानदेवनं अर्धा पेढा तसाच हातात धरून ठेवला. दत्तोबा मात्र रंगात आला होता. त्यानं मांडी घातली, गुडघ्यावर थाप मारली. "मास्तर, आज एक काम कर. त्या दिशी तू गोऱ्याला जे बोलला ना, ते जसंच्या तसं म्हणून दाखीव. इंग्रजीतच म्हण. आता माज्याकडं मराठीत सांगणारी हाय. सहा वर्षं झाली, तू नुसता तारीफ तारीफ करतूस. मला सबद न् सबद ऐकायचाय."

"कशाला ओ दत्तोबा, जुनं झालं ते."

"जुनं कशानं? म्हण, म्हण."

ज्ञानदेवला खोटं सांगणं काही कठीण नव्हतं. कसबी हात, प्रामाणिक माणूस, कंपनीचा आधार, अशी चार वाक्यं इंग्रजीत जुळवायला त्याला क्षणही लागला नसता. तोंड उघडलं तेव्हा तेच बोलणार होता तो. पण बोलू लागल्यावर त्या दिवशीचीच वाक्यं आली. हा माझा मित्र दत्तोबा. याच्याकडे टॉर्क रेंच नव्हता. दोनशे चाळीस नग दत्तोबानं हातानं जोडले. दत्तोबाच्या हातातच टॉर्क रेंच आहे. एकदा धरलेली वाट त्याला सोडता आली नाही. मराठीत सहा वर्षं न निघालेलं सगळं इंग्रजीत निघालं. सुजितनं सांगितलं होतं, हे मी सांगितलं नाही. साहेबांनी विचारलं तेव्हाही सांगितलं नाही, कारण मला ट्रेनिंग रूम दिसत होती. तुझ्या वडिलांचा अंगठा मशीन घेत नव्हतं तेव्हा मी तीन माणसं मागं उभा होतो. मला माहीत होतं का घेत नाही ते.

शेवटचं बोलताना तो दत्तोबाकडे नाही, स्वप्नालीकडे बघत होता. तिचं हसू कधी गेलं ते त्याला कळलं नाही. दत्तोबा मात्र नुसतं आपलं नाव ऐकत मान डोलवत होता. नाव आलं की दर वेळी त्याचं एक बोट उघडायचं.

"तीन!" दत्तोबा म्हणाला. "बघ, मी म्हनत व्हतो का न्हाई? आता सांग बाळ, काय म्हनला?"

सुभद्राबाई बशी हातात घेऊन उभी होती. स्वप्नालीनं कपाटाकडे पाहिलं. वर जुनी वर्तमानपत्रं होती आणि त्यांच्याखाली तो फॉर्मांचा पिवळा लिफाफा अजून होता. मग ती वडिलांकडे वळली.

"ते म्हणाले," ती सावकाश म्हणाली, "की हा माझा मित्र दत्तोबा. याच्या हातासारखा हात सगळ्या कंपनीत नाही. यंत्र चुकेल, पण हा चुकायचा नाही. आणि म्हणाले, मी जे काही आहे ते याच्या घरात बसून झालो."

दत्तोबानं उपरण्यानं डोळे पुसले. "एवढं बोलला व्हय रं मास्तर? आन् मला नुसतं तारीफ म्हनून सांगत व्हता!" त्यानं ज्ञानदेवचा हात दोन्ही हातांत धरला. ते हात खरखरीत आणि गरम होते. ज्ञानदेवला तो हात सोडवून घ्यावासा वाटत होता आणि सोडवता येत नव्हता.

निघताना स्वप्नाली त्याच्यामागं गाडीपर्यंत आली. आई-वडील दारात होते, म्हणून ती इंग्रजीत बोलली. थंड, स्वच्छ इंग्रजी, ऑफिसातलं. त्यात पाटील नव्हता.

"त्या कंपनीतून बाबांनी घरी आणलं ते एवढंच, तीन वेळा आलेलं नाव," ती म्हणाली. "ते मी तुम्हाला हिरावून घेऊ देणार नाही. तुमचं मन हलकं करायला तर नाहीच नाही."

ज्ञानदेवनं मान हलवली.

"आणि रविवारी येत जा. नाही आलात तर ते विचारतील, मास्तर का येत नाही. मग मला आणखी खोटं बोलावं लागेल."

तिनं त्याला काका म्हटलं नाही. ज्ञानदेवनं किल्ली लावली. दारातून दत्तोबानं हात उंच केला आणि तिथूनच ओरडून विचारलं, "मास्तर, पुढल्या रईवारी हायेस ना?"

"आहे की," ज्ञानदेव म्हणाला. "येतो."